रविवार, चार ते सहा

चष्म्याच्या दुकानात पुढे बसणाऱ्यांना सगळं गाव ओळखतं. मागच्या खोलीत काचा घासणाऱ्याला कोणी ओळखत नाही. गिऱ्हाईक आरशात बघत चौकटी नाकावर चढवतं, उतरवतं, सोबतच्या माणसाला दहादा विचारतं आणि चार दिवसांनी चष्मा घेऊन जातं. मधले चार दिवस त्या काचा कोणाच्या हातात होत्या, हे विचारायचं कोणाच्या डोक्यातही येत नाही.

ज्याच्या हातात असत, त्याला दुकानात नंबरकाका म्हणत. मालकाच्या मुलांनी लहानपणी ठेवलेलं नाव पुढे मालकाच्याही तोंडात बसलं. वय बावन्न. तीस वर्षं त्याच एका स्टुलावर, ओल्या दगडी चाकासमोर. चाकावर पाण्याची धार धरायची, काच फिरवत फिरवत तिच्या कडेला उतार द्यायचा, चौकटीत बसवून बघायची, नाही बसली तर पुन्हा केसभर घासायची. रस्त्यात ओळखीचं कोणी भेटलं तर हा आधी चष्म्याकडे बघायचा आणि मग माणसाकडे. "उजवी दांडी सैल झालीय, या उद्या," असं म्हणून झालं की मग "कसे आहात." लग्न का केलं नाही असं कोणी विचारलं तर म्हणायचा, "नंबर जुळला नाही." तीस वर्षं हाच विनोद, आणि तीस वर्षं लोक हसायचे.

पण या माणसाचं खरं आयुष्य काचांमध्ये नव्हतं. ते होतं रविवारी, दुपारी चार ते सहा.

त्याची सुरुवात अशी झाली. तो सव्वीस वर्षांचा असताना एक जुनं हॉटेल बंद पडलं आणि तिथलं सामान विकायला निघालं. त्यात कॅसेटींची खोकी होती, आणि विकणारा त्या चक्क वजनावर विकत होता. नंबरकाकाने एका खोक्याला हात घातला, तेवढ्यात पलीकडून दुसरा हात आला. हाताचा मालक खोक्याकडे नाही, तराजूकडे बघत होता.

"तुमचा काटा खोटा आहे," तो विकणाऱ्याला म्हणाला. "पाव किलो जास्त दाखवतोय."

तो निघाला वजनमाप खात्यातला माणूस. दुकानांचे तराजू तपासणं हीच त्याची नोकरी. विकणाऱ्याने घाबरून ते खोकं दोघांना फुकट दिलं, आणि एका खोक्याचे दोन वाटे कसे करायचे ते न कळल्यामुळे दोघे ते एकाच्याच घरी घेऊन गेले. आत परदेशी गाणी होती. नावं पुसून गेलेली. एक माणूस, एक गिटार, मागे संथ ठेका. एकच ओळ दोनदा म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. बारा बारचा, म्हणजे चार-चार ठोक्यांच्या बारा मापांचा, एक फेरा. तो संपला की पुन्हा पहिल्यापासून. शब्द अर्धेमुर्धेच कळत होते, पण काय दुखतंय ते कळत होतं. त्या गाण्यांना ब्लूज म्हणतात हे त्यांना दोन महिन्यांनी कळलं. तोवर नंबरकाकाने गिटार घेतली होती, आणि काटेवाल्याने जाड चार तारांची बेस गिटार.

मग काटेवाल्याने नंबरकाकाच्या ताईला पाहिलं. ताई याच्याहून तीन वर्षांनी मोठी, इस्पितळात चौकशीच्या खिडकीवर बसायची. दोघे वाजवत असले की ती स्वयंपाकघरात उगाच चहा करत राहायची. एका दुपारी तिने तीनदा चहा केला तेव्हा नंबरकाकाच्या लक्षात आलं. दोन वर्षांत लग्न झालं. आईने बजावलं, "आता अरे-तुरे बंद. ते भावोजी आहेत तुझे." आदल्या दिवसापर्यंत ज्याला शिव्या घातल्या, त्याला दुसऱ्या दिवशी "भावोजी, पाणी घेता का" म्हणताना दोघांनाही हसू आवरेना. शेवटी त्यांनी तोडगा काढला. आठवडाभर भावोजी आणि तुम्ही; रविवारी चारला दार लागलं की अरे-तुरे. सहाला पुन्हा तुम्ही.

चोवीस वर्षं हे चाललं. आई गेली, घर बदललं, गाद्या शिवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत नंबरकाका राहायला आला. रविवार मात्र हलला नाही. भावोजी पायाखाली एक लाकडी पेटी ठेवायचे, टाचेने ठोका द्यायचे आणि वर बेस. फार वाजवायचे नाहीत. त्यांची खुबी वेगळीच होती. नंबरकाकाला दुसरी ओळ लांबवायची सवय. भान हरपलं की सूर धरून ठेवायचा, सोडायचाच नाही. हिशेबाने फेरा पुढे सरकायला हवा, पण हा तिथेच. अशा वेळी भावोजी थांबायचे. त्याच सुरावर हलकेच बोट ठेवून, टाच वर उचलून, त्याचा श्वास संपेपर्यंत. तो खाली आला की ठोका नेमका त्याच्या पायाखाली यायचा. कधी चुकला नाही. कोणत्याही नंबरच्या काचेवर इतका भरवसा ठेवता येत नाही, असं नंबरकाका म्हणायचा.

ताईने हळूहळू रविवारी येणं सोडलं. खिडकीवर आठवडाभर लोकांचे प्रश्न ऐकून तिचं डोकं दुखायचं. तिला शांतता हवी असायची. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

आणि मग एका मंगळवारी संध्याकाळी ती एक बॅग घेऊन आली. चपला न काढता खुर्चीवर बसली.

"रविवारी तुमचं वाजवणं किती वाजता संपतं?" तिने विचारलं.

"सहाला. का गं?"

"दर वेळी?"

"पाच-दहा मिनिटं इकडे तिकडे. झालं काय?"

"तो घरी नऊला येतो," ताई म्हणाली. "दोन वर्षं झाली. मला सांगतो, तुझा भाऊ सोडतच नाही."

नंबरकाकाला आधी काही कळलंच नाही. तो म्हणाला, "कुठेतरी थांबत असतील."

"हो. थांबतो ना. औषधाचं दुकान आहे एकीचं. तिचा काटा तपासायला जायचा." ताईचा आवाज खिडकीवरून बोलावा तसा सपाट होता. कितवा मजला, कोणता वॉर्ड, डावीकडे वळा. "काल स्वतःच सांगितलं त्याने. आता तिकडेच राहणार म्हणाला."

"तू मला फोन का नाही केलास कधी? नऊ वाजेपर्यंत वाट बघत बसलीस आणि..."

"मी कशाला फोन करू? भावाकडे होता ना."

 नंबरकाका उभाच होता. त्याला एकेक गोष्ट आठवू लागली. गेली दोन वर्षं भावोजी निघण्याआधी मोरीत जाऊन तोंड धुवायचे. भांग पाडायचे. "घाम येतो रे वाजवून," म्हणायचे. आणि टॉवेल हा द्यायचा. धुतलेला, घडीचा, स्वतःच्या हाताने.

"खरंच तुला माहीत नव्हतं?" ताईने विचारलं.

"आईशपथ नव्हतं."

तिने बॅग खुर्चीखाली सरकवली. मग म्हणाली, "तूच आणलास त्याला घरात." हे ती एकदाच म्हणाली. पुढे कधी म्हणाली नाही, पण काही वाक्यं एकदाच पुरतात.

ताई पुढच्या खोलीत राहू लागली. जिथे रविवारी वाजवणं चालायचं, त्याच खोलीत. आठवड्याभराने भावोजींच्या कचेरीतला शिपाई बेस न्यायला आला. नंबरकाकाने ती काढून दिली, पट्टा दिला, जास्तीच्या तारांचं पाकीट दिलं. लाकडी पेटी शिपायाने मागितली नाही. तिच्यावर ताईने चादरी रचल्या. "त्याचं नाव या घरात नको," ती म्हणाली. "नको," हा म्हणाला. गिटार कपाटावर गेली.

लोक विचारायचे ते ताईबद्दल. मालक विचारी, गादीवाला विचारी, लांबची मावशी फोन करून विचारी. "ताई कशी आहे? सांभाळ हो तिला." आणि ते बरोबरच होतं. संसार ताईचा मोडला होता. याचं काय मोडलं होतं? रविवारची दुपार. त्या मोडक्या दुपारचं दुःख कोणाकडे मांडायचं? ताईसमोर तर तोंडच उघडायची सोय नव्हती. तिच्या नवऱ्याची आठवण तिला येत नाही आणि भावाला येतेय, हे कसं सांगायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शिवाय त्याचा स्वतःचाही एक घाव होता, आणि तो कोणाला दिसत नव्हता. ज्याच्या ठोक्यावर डोळे मिटून उडी मारली, तो माणूस सहा वाजायची वाट बघत होता का? कधीपासून? कुठल्या गाण्यापासून?

रविवारी चार वाजले की त्याच्या हातांना काही सुचायचं नाही. तो ताईचे, स्वतःचे, गादीवाल्याचे चष्मे धुवायचा.

चार-पाच महिने असे गेले. दुकान दुपारी एक ते तीन बंद असायचं. एके दुपारी डबा खाऊन झाल्यावर तो स्टुलावर बसून बोटांनी टेबलावर ठोका देत पुटपुटत होता, तर दारात चौकटवाली. पुढच्या काउंटरवर चौकटी दाखवणारी ही बाई तिशीची, तोंडाने फटकळ.

"काका, गाता होय तुम्ही?"

"छे. साथीला कोणी नाही आता."

"साथ मोबाइलवर मिळते की. गाणारा वजा करून नुसतं मागचं वाजवणं. आमचा भाऊ लावून गातो आणि शेजारी भांडायला येतात. त्यांना बॅकिंग ट्रॅक म्हणतात."

"गाणारा वजा?"

"मग काय. गाणारे आपण ना!"

तिने मोबाइल घेऊन शोधून दिलं. नंबरकाका बघतच राहिला. शेकडो होते. संथ, जलद, दुःखी, फार दुःखी, प्रत्येक पट्टीतले. दुसऱ्या दिवशी त्याने गिटार खोळीत घालून दुकानात आणली. ताईला सांगितलं, तारा बदलून आणतो.

आणि शोध सुरू झाला. दुपारमागून दुपार तो कानात इयरफोनची बोंडं घालून, मांडीवर गिटार घेऊन मागच्या खोलीत बसायचा. पहिल्या ट्रॅकमध्ये इतकी वाद्यं होती की गायला जागाच नव्हती; भरल्या घरात पाहुणा दारातच उभा राहावा तसा तो उभा राहिला. दुसऱ्याची पट्टी उंच. पंचवीस वर्षांपूर्वी तो ज्या पट्टीत गायचा तिथे आता त्याचा आवाज पोचत नव्हता, हे भावोजींनी कधी कळू दिलं नव्हतं. वर्षा-दोन वर्षांनी ते गुपचूप पट्टी उतरवत आणत होते, हे त्याला आत्ता, एका यंत्रामुळे कळलं. तिसरा ट्रॅक झकास होता, पण आठव्या बारला संगीत थांबून एक बाई गुडघेदुखीवरचं मलम विकू लागली. चौथ्यात ड्रम असे वाजत होते की जणू कोणी दारावर वसुलीला आलंय. एक सापडला तो ठेक्याला अचूक, सुराला अचूक, आणि मेलेला. चौकटवाली रोज विचारी, "मिळाला का?" आणि हा म्हणे, "घासून बघतोय. बसत नाही."

दोन महिन्यांनी एक मिळाला. कुठल्या देशातला कोण जाणे. चित्रात फक्त एक खोली: जुना सोफा, एक ढोल, खिडकी. सुरुवातीला एक म्हातारा आवाज अनोळखी भाषेत चारपर्यंत मोजायचा. मग बेस, हलका ठेका, लांबवर पियानो. इंग्रजी 'जी' सुराची पट्टी, लय इतकी संथ की दोन ठोक्यांच्या मधे माणसाने जुनं काहीतरी आठवून यावं. मधेच कोणीतरी खोकायचं. नऊ मिनिटं. नंबरकाकाने पहिल्यांदा नुसताच ऐकला. दुसऱ्यांदा गिटार धरली. तिसऱ्यांदा गायला.

शब्द त्याचे स्वतःचे होते. असंच चाक फिरवताना जुळलेले:

*लांबचं दिसतंय मला, जवळचं दिसत नाही,*
*अरे, लांबचं दिसतंय मला, जवळचं दिसत नाही,*
*ज्याच्या शेजारी बसलो वर्षानुवर्षं, त्याला ओळखत नाही.*

पण तो ट्रॅकही थांबायचा नाही. दुसऱ्या ओळीत "नाही" वर याने सूर धरला की मागचे लोक निघून जायचे. तिसऱ्या ओळीला हा पोचेस्तोवर ते फेऱ्याच्या पुढच्या घरात गेलेले. हा धावत त्यांना गाठायचा. चूक त्यांची नव्हती. त्यांना कुठे माहीत होतं की इथे कोणी गातंय. त्याने ओळ आखूड करून पाहिली. ती वेळेत बसली, पण मग ती गाण्याची ओळ राहिली नाही, निरोपाची चिठ्ठी झाली.

त्याच सुमारास एक दिवस चौकटवालीने आत येऊन ट्रे ठेवला. चौकट, काचा, चिठ्ठी. नंबरकाकाने चिठ्ठीवर नाव वाचलं. मग नंबर वाचला. गेल्या वेळेपेक्षा पाऊण वाढला होता. नंबर त्याला तोंडपाठ होता. गेली चोवीस वर्षं त्या डोळ्यांच्या काचा यानेच घासल्या होत्या.

"कोण देऊन गेलं?"

"गेले कुठे, बसलेत बाहेर. विचारत होते, काका आहेत का."

"मग?"

"म्हटलं आहेत. बोलावू?"

लाकडी पडदीच्या पलीकडे खुर्ची करकरली. घसा खाकरल्याचा आवाज आला, तो हजार आवाजांत ओळखू आला असता. नंबरकाकाने चाक सुरू केलं. "सांग, कामात आहेत. परवा तयार मिळेल." आणि काच नसतानाच चाकावर पाण्याची धार धरून बसला. बऱ्याच वेळाने पुढचं दार वाजलं.

त्या काचा त्याने जशा घासल्या तशा आयुष्यात कोणाच्या घासल्या नसतील. कड अशी बसली की चौकटीत शोधूनही फट सापडू नये. परवा कचेरीतला शिपाई येऊन चष्मा घेऊन गेला.

पुढच्या एका रविवारी ताईला दिवसपाळी होती. घर रिकामं. नंबरकाकाने बऱ्याच महिन्यांनी पुढच्या खोलीत, दुकानातून परत आणलेली गिटार काढली, आणि बोंडं न घालता मोबाइल छोट्या स्पीकरला जोडला. म्हाताऱ्याने चार मोजले. बेस खोलीत भरला. याने डोळे मिटले.

दार धाडकन उघडलं. ताई. पाळी बदलून मिळाली म्हणून ती लवकर आली होती आणि जिन्यात तिने बेस ऐकला होता. चेहरा पांढराफटक.

"कुठे आहे तो?"

"ताई, अगं..."

"कुठे आहे? मी नसताना बोलावतोस?" ती आतल्या खोलीत गेली. मोरीचं दार उघडून पाहिलं. दारामागे पाहिलं. कपाटामागे पाहिलं, जिथे मांजरसुद्धा मावलं नसतं. बेस वाजतच होता. ती खोलीच्या मध्यभागी येऊन उभी राहिली, आणि नंबरकाकाने मोबाइल उचलून दाखवला. बोटाने थांबवला. खोली गप्प झाली.

ताई चादरींच्या ढिगावर बसली. चादरींखाली कोणती पेटी आहे हे दोघांनाही माहीत होतं. तिने धापा टाकत पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "लाव परत."

"नको गं."

"लाव म्हणते ना. तू गा."

त्याने लावला. गायला. दुसऱ्या ओळीला सूर धरला आणि साथ नेहमीसारखी पुढे निघून गेली.

"हा तो नव्हे," ताई म्हणाली. "हा पळतो. तो थांबायचा."

"तुला कळायचं?"

"मला कळणार नाही तर कोणाला? चहाच्या आधणाखालचा गॅस विझवून ऐकायचे मी, पाण्याचा आवाज नको म्हणून. तू ओढत बसायचास, आणि तो थांबलेला असायचा. त्यासाठी तर केलं मी लग्न. मला वाटलं, जो माणूस दुसऱ्याचा श्वास संपेपर्यंत थांबतो..."

 ती रडली. घर सोडून आल्यावर पहिल्यांदाच, आणि तोही तिच्या शेजारी बसून रडला. पहिल्यांदा दोघं एकाच माणसासाठी रडली. मग ताईने पदराने डोळे पुसले, आपला चष्मा काढून त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, "पूस. धूसर झालाय."

तीन-चार दिवसांनी जेवताना ती म्हणाली, "जाऊन ये एकदा त्याच्याकडे."

"मी कशाला जाऊ?"

"तुला जायचंय म्हणून. खिडकीवर बसते रे मी. माणूस तोंड उघडायच्या आधी मला कळतं, त्याला कुठे जायचंय ते."

"तुला चालेल?"

"नाही चालणार," ताई म्हणाली. "पण जा."

तो गेला. रविवारी, चारला. औषधाच्या दुकानावरच घर. दार औषधवालीने उघडलं. साधीशीच बाई, चेहऱ्यावर दुपारचा थकवा. "या," म्हणाली, पाणी दिलं आणि मुद्दाम खाली दुकानात निघून गेली. भावोजी उभे होते. केस पिकले होते. नाकावर तोच चष्मा.

"काचा छान बसल्यात," भावोजी म्हणाले.

"हं."

"बस."

बेस कोपऱ्यात होती. तारांवर धूळ नव्हती, म्हणजे वाजत होती. नंबरकाकाने गिटार काढून सुरात लावली. दार लागलं होतं, तरी याच्या तोंडून "तू" चटकन निघेना आणि "तुम्ही" म्हणवेना.

"एकच विचारायचंय," तो म्हणाला. "सहा वाजायची वाट बघायचास?"

भावोजींनी बेस उचलून मांडीवर घेतली. "तिची बघायचो," ते म्हणाले. "पण तुझ्याकडे असताना नाही. त्या दोन तासांत मी खोटं वाजवलं नाही रे. बाकी सगळं खोटं धर. ते नको धरूस."

"वाजव," नंबरकाका म्हणाला.

टाच फरशीवर पडली. 'जी'ची पट्टी, सांगावी लागली नाही. पहिली ओळ. *लांबचं दिसतंय मला, जवळचं दिसत नाही.* भावोजींनी मान वर केली. शब्द त्यांनी पहिल्यांदाच ऐकले होते. दुसरी ओळ. नंबरकाकाने सूर धरला. धरून ठेवला. या वेळी त्याने मुद्दामच धरला, छातीत कळ येईपर्यंत, बघू तर खरं म्हणून. आणि भावोजी थांबले. टाच वर, बोट त्या एका तारेवर, डोळे याच्या तोंडाकडे. जसे चोवीस वर्षं थांबले तसेच. जराही कमी नाही. याचा श्वास संपला, तो खाली आला, आणि ठोका नेमका पायाखाली होता.

तिसरी ओळ त्याला म्हणता आली नाही.

तो वाट बघत होता की साथ बिघडलेली असेल. हात थरथरतील, अंदाज चुकेल, मनातलं पाप बोटांत उतरलं असेल. मग सोपं झालं असतं. पण वाजवणं जसंच्या तसं होतं, पहिल्यासारखंच सुंदर, आणि त्यातून त्या माणसाबद्दल काहीच कळत नव्हतं. कधीच कळत नव्हतं. ताईने त्या थांबण्यावर घर बांधलं, याने त्यावर अर्धं आयुष्य बांधलं, आणि ते थांबणं खरं असूनही कशाचाच पुरावा नव्हतं.

"तिसरी ओळ?" भावोजींनी हळूच विचारलं. ते अजून एका तारेवर थांबलेलेच होते.

"विसरलो," नंबरकाका म्हणाला, आणि गिटार खोळीत घालू लागला.

भावोजी जिन्यापर्यंत आले. "पुढच्या रविवारी?"

"नको," तो म्हणाला. "डोळ्यांना जपा, भावोजी. पाऊण नंबर म्हणजे फार वाढला." आणि उतरून गेला.

घरी ताईने विचारलं, "कसं झालं?"

"चांगलं वाजवलं त्यांनी."

"वाटलंच मला," ती म्हणाली आणि ताट वाढलं. त्या घरात तो विषय तिथे संपला. वर्ष उलटल्यावर ताईने इस्पितळाजवळ एक खोली घेतली. चादरी नेल्या, पेटी तशीच सोडली. नंबरकाकाने ती गादीवाल्याला दिली, त्याने तिच्यात खिळे आणि सुतळ्या भरल्या.

तो अजून गातो. दुपारी एक ते तीन, मागच्या खोलीत, त्याच खोकणाऱ्या लोकांबरोबर. एके दिवशी बोट चुकून खाली सरकलं आणि ट्रॅकच्या खाली लोकांनी लिहिलेलं दिसलं. इतके दिवस त्याने ते कधी वाचलंच नव्हतं. चौकटवालीने मोबाइलवरच भाषा बदलून दिली. कुणी लिहिलं होतं, माझा ड्रमवाला दुसऱ्या गावी गेला. कुणी, आमच्याकडे आवाज केलेला चालत नाही, मी गाडीत बसून वाजवतो. एकीने लिहिलं होतं, मी सत्तर वर्षांची आहे, बहिणीशी बोलणं बंद आहे, ती पियानो वाजवायची. खाली खाली जातच होतं. कोण कुठले, सगळे दार लावून त्याच नऊ मिनिटांत गाणारे.

"तुम्ही पण लिहा की," चौकटवाली म्हणाली.

त्याने लिहायला घेतलं. *माझा साथीदार* असं लिहिलं आणि थांबला. गेला म्हणावं तर गेला नव्हता. भांडण म्हणावं तर भांडण नव्हतं. त्याने ते पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. चौकटवाली शेजारी उभी राहून चहा पीत होती. तिने विचारलं नाही, आणि त्याबद्दल त्याला तिचे उपकार वाटले. शेवटी त्याने एवढंच लिहिलं: *खोकणाऱ्यांची तब्येत बरी आहे ना?*

मग बोंडं कानात घातली. दुसरी ओळ लांबली, मागचे पुढे निघून गेले. तिसरी ओळ त्याने त्यांच्याशिवाय, एकट्याने, पूर्ण म्हटली. तीनला पाच मिनिटं कमी होती. ट्रेमध्ये सात चष्मे पडले होते.